मधुमेह, डोळ्याचा पडदा आणि तपासणीचा हिशोब

बेळगाव शहराच्या दक्षिण अंगाला वडगाव, खासबाग आणि शहापूर या वस्त्या एकमेकींना लागून आहेत. येथील अनेक घरांत माग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पूर्वी हातमाग होते, आता बहुतांशी यंत्रमाग आहेत. मागावर उभ्या असलेल्या मनुष्याचे अर्धे काम हातांचे आणि अर्धे डोळ्यांचे असते. तुटलेला धागा वेळीच दिसला नाही तर साडीत दोष राहतो आणि मजुरीला कात्री लागते. उत्तरेकडे निपाणीला तंबाखूचा व्यापार आणि विड्या वळण्याचे काम. तेही मान खाली घालून, नजर लावून करावयाचे. अशा गावांत मधुमेह घरोघर शिरू लागला म्हणजे प्रश्न निव्वळ साखरेचा राहत नाही, तो पोटापाण्याचाही होतो. कारण हा रोग ज्या अवयवांना चोरपावलांनी गाठतो, त्यांत डोळा हा प्रमुख आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात सुमारे १० कोटी १० लाख माणसांना मधुमेह आहे. डोळ्यांपुरती एक वेगळी पाहणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. चाळिशी गाठलेल्या मधुमेही माणसांपैकी शेकडा १२.५ जणांच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा असून शेकडा ४ जणांची दृष्टी प्रत्यक्ष धोक्यात आहे, असे तीत आढळले. शंभरांत चार हा आकडा लहान वाटतो. परंतु देशाच्या लोकसंख्येत ही माणसे लाखांनी मोजावी लागतात, आणि त्यांतील पुष्कळांना आपल्या डोळ्यांत काही बिघडले आहे याची वार्ताही नसते.

वार्ता नसते, याचे कारण रोगाच्या स्वभावात आहे. डोळ्याच्या आत मागील बाजूस जो पडदा असतो, ज्यास शास्त्रीय परिभाषेत दृष्टिपटल म्हणतात, त्याला अतिशय बारीक रक्तवाहिन्या रक्त पुरवितात. रक्तात साखर वर्षानुवर्षे अधिक राहिली की या वाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात. कोठे बारीकसा फुगवटा येतो, कोठे रक्ताचा ठिपका पडतो, कोठे पाणी आणि चरबी झिरपून पडद्याला सूज येते. पुढे काही वाहिन्या बंद पडतात, आणि उपाशी राहिलेल्या पडद्यावर नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटू लागतात. त्या फुटल्या म्हणजे डोळ्यात रक्त साचते, पडदा ओढला जातो आणि एके दिवशी मनुष्याच्या डोळ्यांपुढे काळोख येतो. या साऱ्या प्रवासाला अनेक वर्षे लागतात आणि त्यांतील बराच काळ मनुष्याला अगदी स्वच्छ दिसत असते. भिंतीवरील अक्षरांचा तक्ता तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. म्हणून ‘मला दिसते आहे, मग तपासणी कशाला’ हा विचार येथे घातक ठरतो. चष्म्याचा नंबर काढून घेतला म्हणजे डोळे तपासून झाले, ही समजूतही तशीच.

उपाय आहेत. तीव्र प्रकाशाने पडद्यावरील रोगट भाग जाळावयाचा, ही कल्पना जर्मनीतील मायर-श्विकेराट या नेत्रवैद्याने १९४० नंतरच्या दशकांत प्रत्यक्षात आणली. त्यानंतर लेसर आला. अमेरिकेतील मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष १९७६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा रोगाच्या पुढच्या अवस्थेतही लेसरने दृष्टी जाण्याचा धोका निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी होतो, हे सिद्ध झाले. आता पडद्याची सूज उतरविणारी इंजेक्शनेही मिळतात आणि त्यांनी काही रुग्णांची नजर सुधारतेही. तथापि या सर्व उपायांचे खरे बळ असलेली दृष्टी राखण्यात आहे; गेलेली परत आणणे फार थोड्यांच्या नशिबी असते. रोग लवकर सापडला तरच उपाय कामाचा. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली, कोणत्या रोगासाठी निरोगी दिसणाऱ्या माणसांचीही सरसकट चाचणी करावी, याची कसोटी लिहून ठेवली. रोग महत्त्वाचा असावा, त्याची मूक अवस्था ओळखता यावी, तपासणी सोपी असावी, उपचार उपलब्ध असावा, आणि खर्च परवडावा. मधुमेहाचा नेत्ररोग या कसोटीस जवळजवळ पुस्तकातल्या उदाहरणासारखा उतरतो. अडते ते शेवटच्या कलमापाशी.

खर्चाचा विचार निघाला की प्रथम सर्वांत स्वस्त साधन कोणते, असे विचारले जाते. हा प्रश्न चुकीच्या ठिकाणी सुरू होतो. स्वस्त काय, हे साधनाच्या किमतीवरून ठरत नाही. त्या साधनाने सापडलेल्या एकेका खऱ्या रुग्णामागे किती पैसे पडले, आणि न सापडलेल्यांचे पुढे काय झाले, यावरून ते ठरते. हा फरक एका हिशोबाने स्पष्ट होईल.

जुने साधन म्हणजे डोळ्यात उजेड टाकून पडदा पाहण्याचे हातात धरावयाचे यंत्र. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने ते १८५१ साली जगापुढे आणले. ते लहान असते, डॉक्टरच्या खिशात मावते आणि कॅमेऱ्याच्या मानाने फारच थोड्या पैशांत येते. नवे साधन म्हणजे पडद्याचे छायाचित्र घेणारा कॅमेरा. टेबलावर ठेवावयाचा चांगला कॅमेरा काही लाखांच्या घरात जातो. इंग्लंडातील लिव्हरपूल शहरात या दोहोंची तुलना करण्यात आली आणि तिचे आकडे १९९५ साली प्रसिद्ध झाले. दृष्टीला धोका असलेल्या शंभर रुग्णांपैकी छायाचित्रांनी ८९ ओळखले. हाती धरावयाच्या यंत्राने, तेही अनुभवी नेत्रवैद्याच्या हातून, ६५ ओळखले गेले. उलटपक्षी ज्यांना धोका नव्हता त्यांना ‘धोका नाही’ असे बरोबर सांगण्यात जुने यंत्र सरस ठरले. त्याने शंभरांतील ९७ जणांना योग्य रीतीने घरी पाठविले, छायाचित्रांनी ८६ जणांना.

आता कल्पना करू या की एका भागात एक हजार मधुमेही आहेत आणि शेकडा ४ या प्रमाणाने त्यांतील ४० जणांची दृष्टी धोक्यात आहे. जुन्या यंत्राने या चाळिसांपैकी २६ सापडतील आणि १४ निसटतील. त्याखेरीज उरलेल्या ९६० निर्धोक माणसांपैकी सुमारे २९ जणांना विनाकारण मोठ्या रुग्णालयात जावे लागेल. छायाचित्रांनी ४० पैकी ३६ सापडतील आणि ४ निसटतील. परंतु विनाकारण पाठविले जातील असे लोक सुमारे १३४ होतील. एकीकडे १४ माणसे आंधळेपणाच्या वाटेवर बेसावध चालत राहतात. दुसरीकडे शंभराहून अधिक माणसांचा एक दिवस, बसचे भाडे आणि रात्रीची झोप फुकट जाते. चौदा डोळस माणसे एका पारड्यात आणि शंभर फुकटच्या खेपा दुसऱ्या पारड्यात घातल्या, तर पहिले पारडे जड आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पण दुसरे पारडे रिकामे आहे असे समजणेही चूक ठरेल. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

हजारच्या हजार माणसांना सरळ नेत्रतज्ज्ञाकडेच का पाठवू नये, असे कोणी विचारील. बाहुली मोठी करून, भिंगातून, तज्ज्ञाने स्वतः पाहिलेला पडदा ही सर्वांत भरवशाची तपासणी होय. परंतु देशात नेत्रतज्ज्ञ सुमारे वीस-पंचवीस हजार आहेत. मधुमेही १० कोटींहून अधिक धरले तर एकेकाच्या वाट्याला चार-पाच हजार मधुमेही येतात. शिवाय यातील बहुसंख्य तज्ज्ञ मोठ्या शहरांत असतात आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचे ओझे त्यांच्याच शिरावर असते. त्यांचा दिवस ९६० निर्धोक डोळे पाहण्यात घालवावयाचा म्हणजे सोनाराच्या काट्यावर जळण मोजण्यासारखे आहे. छायाचित्राच्या मार्गाने वरच्या उदाहरणात तज्ज्ञापुढे हजाराऐवजी १७० माणसे जातात. कॅमेरा महाग असूनही एकूण व्यवस्था स्वस्त का पडते, ते येथे कळते.

लिव्हरपूलच्याच मंडळींनी पुढे हिशोब पैशांत मांडला. ज्याला जसे जमेल तसे कोणाकडेही डोळे दाखवावेत, ही जुनी रीत एका बाजूला. रुग्णांची यादी करून, त्यांना निरोप धाडून, वस्तीत कॅमेरा नेऊन केलेली पद्धतशीर तपासणी दुसऱ्या बाजूला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या हिशोबात जुन्या रीतीने सापडलेल्या प्रत्येक खऱ्या रुग्णामागे २८९ पौंड पडले, पद्धतशीर रीतीने २०९ पौंड. दिसावयास जी व्यवस्था खर्चिक तीच फळाच्या मापाने स्वस्त निघाली. यात कॅमेऱ्याइतकाच यादीचाही वाटा आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. यादी नसेल तर जो आपणहून येतो त्याचीच तपासणी होते, आणि आपणहून येणारा मनुष्य बहुधा औषधेही वेळेवर घेणारा असतो. ज्याची दृष्टी खरोखर धोक्यात असते तो मागापाशी किंवा वखारीत असतो.

अशा पद्धतशीर तपासणीचे फळ दोन देशांत स्पष्ट दिसले आहे. आइसलंडमध्ये १९८० साली मधुमेहींची नियमित नेत्रतपासणी सुरू झाली. तेव्हा तेथील मधुमेहींत अंधत्वाचे प्रमाण शेकडा २.४ होते, ते २००५ पर्यंत ०.५ वर आले. इंग्लंडात २००३ पासून राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. काम करण्याच्या वयातील माणसांच्या अंधत्वाचे पहिले कारण म्हणून मधुमेह तेथे निदान पन्नास वर्षे अग्रस्थानी होता. २००९-१० च्या नोंदींत तो प्रथमच त्या स्थानावरून खाली उतरला. यात साखर आणि रक्तदाब यांवरील चांगल्या उपचारांचाही भाग आहे, हे तेथील संशोधक मान्य करतात.

परंतु आइसलंड म्हणजे वडगाव नव्हे. तेथील लोकसंख्या मूठभर, सरकार सधन आणि प्रत्येक रुग्णाची नोंद कागदावर. आपल्याकडील गरीब, विखुरलेल्या वस्तीला हा हिशोब लागू पडतो काय, याचे उत्तर चेन्नईच्या शंकर नेत्रालयाच्या ग्रामीण फिरत्या तपासणीवर आधारलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून मिळते. तेथे कॅमेरा असलेली गाडी खेड्यात जाते, तंत्रज्ञ छायाचित्र घेतो आणि शहरातला तज्ज्ञ ते पाहतो. अर्थशास्त्री अशा ठिकाणी एक माप वापरतात. उपचारामुळे मनुष्याला चांगल्या प्रकृतीचे जे एक पुरे वर्ष अधिक लाभते, त्याला एक धरावयाचे. आंधळेपणात काढलेले वर्ष एकापेक्षा कमी धरावयाचे. या मापाने, काहीच तपासणी न करण्याच्या तुलनेत, आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीला अशा प्रत्येक वर्षामागे सुमारे १,३२० डॉलर पडतात, असे निघाले. दर दोन वर्षांनी तपासणी केली तरी सरकारी तिजोरीच्या दृष्टीने ती परवडते. दरवर्षी केली तर मात्र परवडत नाही.

या अभ्यासातील सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच आहे. जेव्हा सरकारी खर्चाबरोबर रुग्णाच्या खिशातून जाणारा पैसा आणि बुडालेली मजुरीही हिशोबात धरली, तेव्हा परवडणारे अंतर दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेले. तपासणी फुकट आहे असे आपण सहज म्हणतो. पण मजुरी साडीच्या हिशोबाने मिळणाऱ्या विणकराला ती फुकट नसते. बाहुली मोठी करण्यासाठी डोळ्यांत थेंब घातले की चार-सहा तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सोसत नाही. त्या दिवशी धागा ओवता येत नाही. सोबत मुलगा किंवा सून आली असेल तर तिचाही दिवस मोडतो. निपाणीच्या विडी कामगार स्त्रीला बेळगाव गाठावयाचे म्हणजे सुमारे पंचाहत्तर किलोमीटरचा प्रवास. दिवसभराच्या विड्या वळावयाच्या राहिल्या आणि भाडे गेले ते निराळेच. हा खर्च सरकारी कागदावर कोठे दिसत नाही. परंतु ‘पुढच्या महिन्यात बघू’ या उत्तराचा उगम तेथेच आहे. लोक अडाणी आहेत म्हणून येत नाहीत, असे शहरांतील सुशिक्षित सहज बोलून जातात. वस्तुतः येणारा आणि न येणारा दोघेही आपापला हिशोब बरोबरच मांडत असतात.

म्हणून कॅमेरा माणसांकडे नेण्याला इतके महत्त्व आहे. ज्या सरकारी दवाखान्यात किंवा शहरातील ‘नम्म क्लिनिक’मध्ये मनुष्य साखर तपासावयास आणि गोळ्या न्यावयास येणारच आहे, तेथेच त्याच दिवशी छायाचित्र निघाले तर वेगळी खेप पडत नाही. वैद्यकाची पदवी नसलेल्या पण नीट शिकविलेल्या तंत्रज्ञाला हे काम उत्तम साधते. कर्नाटकाला हा अनुभव नवा नाही. अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी बंगळूरच्या नारायण नेत्रालयाने २००८ पासून हीच रीत चालविली. तंत्रज्ञ यंत्र घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतील बालरुग्णालयांत जातात आणि प्रतिमा दूरच्या तज्ज्ञाकडे पोहोचतात. बालकांना जे जमले ते त्यांच्या आजोबांना जमू नये, असे काही नाही.

मोठ्या माणसांच्या बाबतीत एक अडचण खरी आहे. साठीच्या पुढे अनेकांना मोतीबिंदू असतो. त्यामागचा पडदा कॅमेऱ्याला धूसर दिसतो. छायाचित्र वाचता येत नसेल तर त्या मनुष्याला ‘रोग नाही’ असे म्हणता येत नाही, त्याला पुढे पाठवावेच लागते. थेंब न घालता काम उरकण्याचा मोह येथे महागात पडतो. थेंबांचा खर्च नगण्य आहे. वाया गेलेल्या छायाचित्राचा नाही. बाहुली लहान असेल त्याला थेंब घालावेत, इतरांना सोडावे, हा मध्यम मार्ग व्यवहारी दिसतो.

अलीकडे छायाचित्र वाचण्याचे काम संगणकाकडे देण्याचा प्रयोग चालू आहे. मुंबई महानगरपालिकेच्या दवाखान्यांत आदित्य ज्योत संस्थेने केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. मोबाइल फोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने छायाचित्र घ्यावयाचे आणि फोनमधील प्रणालीने, इंटरनेटच्या मदतीशिवाय, तेथल्या तेथे उत्तर द्यावयाचे, अशी ती योजना होती. पुढे पाठविण्याजोगे जेवढे रुग्ण होते तेवढे सगळे या प्रणालीने ओळखले आणि बाकीच्यांपैकी शेकडा ८८.४ जणांना योग्य रीतीने वगळले. ही बातमी आनंदाची आहे. मात्र असे रुग्ण त्या अभ्यासात अवघे १५ होते, हेही सांगितले पाहिजे. पंधरांपैकी पंधरा म्हणजे हजारांपैकी हजार नव्हे. थायलंडमध्ये गूगल कंपनीची अशीच प्रणाली अकरा दवाखान्यांत वापरली गेली, तेव्हा पाचांतील एकाहून अधिक छायाचित्रे यंत्राने ‘वाचता येत नाही’ म्हणून परत केली. खोलीत काळोख नीट होत नव्हता आणि इंटरनेट संथ होते. प्रयोगशाळेतील यंत्र आणि दवाखान्यातील यंत्र यांत हे अंतर राहतेच.

संगणक आला म्हणजे माणूस नको, असा निष्कर्ष कोणी काढू नये. सिंगापूरच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा हिशोब २०२० साली प्रसिद्ध झाला तो या दृष्टीने उद्बोधक आहे. माणसांनी छायाचित्रे वाचली तर दर रुग्णामागे वर्षाला ७७ डॉलर, सर्व काम संगणकाने केले तर ६६ डॉलर. आणि संगणकाने आधी गाळणी करून संशयास्पद तेवढी छायाचित्रे माणसाने पुन्हा पाहिली तर ६२ डॉलर. संगणक एकटा काम करतो तेव्हा विनाकारण पाठविलेल्यांची संख्या वाढते आणि बचत तेथे गळून जाते. वर ज्या फुकटच्या खेपांचा उल्लेख आला, त्यांचीच ही किंमत. सिंगापुरात ती रुग्णालयाच्या बिलात दिसते, निपाणीच्या बाईच्या बाबतीत ती तिच्या पदरच्या गाठीतून सुटते, एवढाच भेद.

तपासणी किती वर्षांनी करावी, हाही पैशांचाच प्रश्न आहे. ‘दरवर्षी’ हा शिरस्ता सर्वांना सारखा लावला तर ज्याचा पडदा स्वच्छ आहे आणि साखर ताब्यात आहे, त्याच्यावरच अधिक पैसा खर्च होतो. लिव्हरपूलमध्ये सुमारे साडेचार हजार माणसांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रत्येकाच्या धोक्याप्रमाणे सहा महिने, एक वर्ष किंवा दोन वर्षे असे अंतर ठरविले गेले. तपासणीच्या खेपा शेकडा ४३ ने घटल्या आणि कोणाच्या दृष्टीला त्यामुळे अपाय झाला नाही. इंग्लंडने २०२३ पासून कमी धोक्याच्या लोकांसाठी दोन वर्षांचे अंतर लागू करण्यास आरंभ केला. मात्र ही सवलत दोन वेळा स्वच्छ आढळलेल्या डोळ्यांसाठी आहे, एकदाही न तपासलेल्या डोळ्यांसाठी नाही. मोठ्या वयात जडणाऱ्या मधुमेहात निदान होण्याआधीच रोग काही वर्षे शरीरात मुरलेला असतो. म्हणून पहिली तपासणी निदान झाल्याबरोबर व्हावयास हवी. बालपणी जडणाऱ्या प्रकारात पाच वर्षांनी सुरू केली तरी चालते. गर्भारपणी रोग झपाट्याने वाढू शकतो, तेव्हा मधुमेही स्त्रीने त्या काळात अंतराचा हिशोब बाजूला ठेवावा.

एवढे सारे जमून आले तरी पैसा वाया जाण्याची एक जागा उरते, आणि ती सर्वांत मोठी आहे. छायाचित्रात रोग सापडला, चिठ्ठी दिली, आणि मनुष्य पुढे गेलाच नाही, तर आधीचा सगळा खर्च पाण्यात. शिबिरांची बातमी ‘इतक्या शेकड्यांची तपासणी’ अशी छापून येते. त्यांतील किती जणांचा लेसर झाला, हे फारसे कोणी छापीत नाही. खरा आकडा तोच. आफ्रिकेतील रुआंडा देशात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही रुग्णांना संगणकाने दिलेले उत्तर तेथेच समजावून सांगितले, तर इतरांना काही दिवसांनी कळविले. पुढच्या रुग्णालयात पोहोचणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा ५१ होते, दुसऱ्यात शेकडा ४०. स्वतःच्या डोळ्यातला रक्ताचा ठिपका पडद्यावर पाहिलेला मनुष्य त्याच दिवशी मनाची तयारी करतो. तरीही अर्धे आलेच नाहीत, हेही त्या आकड्यांतच आहे.

सीमाभागात या दुव्याला आणखी गाठी आहेत. निपाणीच्या मनुष्याला कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर, म्हणजे बेळगावपेक्षा बरेच जवळ. डोळ्यांसाठी मिरजेला जाण्याची परंपरा या भागात डॉ. वॉन्लेस यांच्या काळापासूनची, म्हणजे शंभर वर्षांहून जुनी आहे. परंतु एका राज्यातील आरोग्य योजनेचे कार्ड दुसऱ्या राज्यातल्या रुग्णालयात चालेलच असे नाही. निपाणीच्या दवाखान्याने दिलेली चिठ्ठी जिल्ह्याच्या ठिकाणचे, म्हणजे बेळगावचे, रुग्णालय दाखविते. रुग्णाचे पाय त्याला कोल्हापूरकडे ओढतात. आणि दोन्ही ठिकाणच्या वह्यांत ‘आला नाही’ अशीच नोंद राहते. चिठ्ठी ज्या भाषेत असते ती रुग्णाच्या घरी कोणाला वाचता येतेच असेही नाही. वडगावात एका गल्लीत मराठी बोलणारी आणि कानडी बोलणारी घरे शेजारी शेजारी नांदतात. तेथे दोन्ही भाषांत छापलेली, कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वारी, कोणत्या खिडकीवर जावयाचे हे सांगणारी चिठ्ठी देण्यास कागदाखेरीज काही लागत नाही. आणि चिठ्ठी दिलेल्यांच्या नावांची यादी आशा कार्यकर्तीकडे असली, महिन्याने तिने दारात जाऊन विचारले, तर कॅमेऱ्याच्या किमतीच्या मानाने नगण्य खर्चात कॅमेऱ्याचे काम पुरे होते.

ज्यांची तपासणी आजवर झालेली नाही त्यांनी जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात डोळ्याचा ‘पडदा’ तपासावयाचा आहे, असे स्पष्ट शब्दांत सांगावे. नुसते ‘डोळे तपासा’ म्हटले तर चष्म्याचा नंबर निघून काम संपते. साखरेची आणि रक्तदाबाची शेवटची नोंद सोबत न्यावी. काचबिंदूचा त्रास असेल किंवा घराण्यात असेल तर थेंब घालण्यापूर्वी सांगावे. मागाला सुटी असेल तो दिवस निवडावा, जाताना सोबत कोणास तरी घ्यावे, उन्हासाठी काळा चष्मा किंवा टोपी असावी, आणि परतताना स्वतः दुचाकी चालवू नये. छायाचित्राची प्रत किंवा निदान निकालाचा कागद मागून घ्यावा आणि रेशनकार्डाबरोबर जपून ठेवावा. पुढच्या खेपेस पडदा पाहणाऱ्याला, मग तो बेळगावचा असो की कोल्हापूरचा, गेल्या वेळचा पडदा कसा होता हे त्या कागदावरूनच कळते.